दार वाजल्याशिवाय उठायचं नाही

थर्मोनेरी, एव्हिया
३ फेब्रुवारी २०१६

प्रिय पोलिक्सेनी,

नाताळात पाठवलेले मोठे पांढरे राजमे पोचले. टोमॅटो घालून भट्टीत भाजले, तीन दिवस खाल्ले आणि चौथ्या दिवशी शेजारच्या मारूलाला उरलेले दिले. तिने ताटली परत देताना विचारलं, “कस्तोरियाची ती फरवाली अजून येते का गं?” मी म्हटलं, येते म्हणजे काय, बावीस वर्षं येतेय, पुढची बावीसही येईल.

आता बातमी सांगते. बसून वाच. नगरपालिकेने आपलं गरम झऱ्याचं स्नानगृह अथेन्सच्या एका कंपनीला तीस वर्षांच्या करारावर दिलं. तिथे रिसॉर्ट होणार, नाव ठेवलंय ‘इलिसियो’. एकतीस वर्षं मी त्या फरशीच्या बोळातून सपाता वाजवत फिरले, तिथे सध्या मजूर भिंती फोडतायत. आवाज घरात येतो. दुपारची झोप गेली.

पण तू काळजी करू नकोस. मला त्यांनी ठेवून घेतलंय. स्नानविभागाची प्रमुख म्हणून. मे महिन्यात उघडतील आणि सप्टेंबरात तुझ्या एकवीस आंघोळी होतील, नेहमीसारख्या. पाणी तेच आहे, जमिनीतून येतंय, त्याला करारबिरार काही कळत नाही.

हात कसे आहेत ते खरं लिही.

तुझी,
स्तमाता

---

कस्तोरिया
२१ फेब्रुवारी २०१६

प्रमुखबाईंना साष्टांग!

बाई, मोठी झालीस की. म्हणजे आता मला अर्ज करून यावं लागणार. पहिल्या वर्षीचं आठवतं ना? डॉक्टरने चिठ्ठीवर आठ मिनिटं लिहिली होती आणि मी सहाव्या मिनिटाला टबातून उठून बाहेर आले, तर तू ओला टॉवेल माझ्या पाठीवर हाणलास. “दार वाजल्याशिवाय उठायचं नाही! लवकर उठलीस तर आंघोळ मोजायची नाही, उशिरा उठलीस तर तूच मोजायला उरायची नाहीस.” तेव्हापासून आजपर्यंत मी तुझ्या थापेआधी कधी उठले नाही. नवऱ्याचंही इतकं ऐकलं नव्हतं, देव त्याला शांती देवो.

हातांचं विचारलंस. चाळीस वर्षं फरची कात्रणं शिवून जोडली, तर बोटं अशी वाकणारच. थंडीत जास्त दुखतात. पण खरी गोष्ट निराळी आहे. लाझारोस नाताळात स्टुटगार्टहून आला होता. मी गॅस पेटवताना सहा काड्या मोडल्या, त्या त्याने मोजल्या. मग चर्चला निघालो, तर शेजारीण माझ्या कोटाची बटणं लावायला आली. तिला रोजची सवय, ती नेहमीसारखी सरळ आत आली. रात्री मुलगा म्हणाला, “आई, तू एकटी राहू शकत नाहीस. माझ्याकडे चल.”

मी म्हटलं, सप्टेंबरच्या आंघोळी होऊ दे, हात मोकळे होतात, दरवर्षी होतात. तेव्हा त्याने अट घातली. ऑक्टोबरात येईन, माझ्यासमोर स्वतःच्या हाताने कोटाची पाच बटणं लाव. लागली तर राहा इथे, नाही लागली तर माझ्याबरोबर यायचं.

पोरगा वाईट नाही गं. पण मला स्टुटगार्टला जायचं नाही. तिथल्या चौथ्या मजल्यावर मी कोणाशी बोलू? सून दिवसभर कामावर, नातवंडांना माझी भाषा अर्धीच येते. इथे तळ्याकाठी बाकावर बसले, तरी चार जण “पोलिक्सेनी, जेवलीस का?” विचारून जातात.

म्हणून यंदाचा सप्टेंबर मला हवाच आहे. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

पोलिक्सेनी

---

थर्मोनेरी
२९ मे २०१६

प्रिय पोलिक्सेनी,

पाच बटणं? आपण दहा लावून दाखवू त्याला! एकविसाव्या दिवशी तुझी बोटं मी स्वतः बघेन, नेहमीसारखी एकेक मोजून.

रिसॉर्ट उघडलं. तू ओळखणार नाहीस. आपले संगमरवरी टब त्यांनी दारात ओळीने मांडून त्यांत लव्हेंडर लावलंय. तुझ्या नऊ नंबरच्या टबात सर्वांत चांगलं उगवलंय, तुझं नशीब. आत सगळं पांढरं. पाणी गाळून आत सोडतात, म्हणजे गंज दिसत नाही आणि गंधकाचा वास येत नाही. मी मॅनेजरला म्हटलं, “साहेब, वासच नसेल तर लोकांना कळणार कसं की औषध आहे?” तो हसला. फिवोस नाव त्याचं, बत्तीस वर्षांचा, दात फार सुंदर.

आणि माझा पोशाख! हसू नकोस. पांढरा, चुण्यांचा, टाचांपर्यंत, कमरेला सोनेरी दोरी, डोक्यावर पानांची गुंडाळी. म्हणे प्राचीन काळातल्या आरोग्यदेवीच्या दासी अशा दिसायच्या. अडुसष्टाव्या वर्षी मी दासी झाले. मारूला मला कुंपणावरून बघून इतकी हसली की तिला उचकी लागली.

पण महत्त्वाचं ऐक. मी फिवोससाहेबाशी तुमच्याबद्दल बोलले. तू, लामियाची ती दोन बहिणींची जोडी, त्रिकाला गावचा म्हातारा खाटीक, सगळे जुने डॉक्टरच्या चिठ्ठीवाले. त्याने शब्द दिला. सप्टेंबरात रोज सकाळी सात ते नऊ, पाहुणे उठायच्या आत, तुम्हाला पाणी मिळेल. जुन्या दरात. माझ्यासमोर हातात हात देऊन म्हणाला.

आजाऱ्यांना फुकट बरं करणाऱ्या संत अनार्गिरोंना मेणबत्ती लावून आले.

स्तमाता

---

कस्तोरिया
११ जुलै २०१६

प्रिय दासीबाई,

फोटो का नाही पाठवलास? मारूला हसते आणि मी नको, हा कुठला न्याय?

डॉक्टरकडून चिठ्ठी आणली. एकवीस आंघोळी, आठ मिनिटांपासून पंधरापर्यंत. नव्या डॉक्टरला हे काही माहीतच नव्हतं, मीच सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. मारूलाच्या वरच्या खोलीचं तू बोलून ठेव. बसने ग्लिफापर्यंत आणि तिथून बोटीने, नेहमीसारखी येते. पाच सप्टेंबरला निघेन.

लाझारोसचा रविवारी फोन असतो. “आई, हात?” एवढंच विचारतो. मी म्हणते, सप्टेंबर येऊ दे.

पोलिक्सेनी

---

थर्मोनेरी
३० जुलै २०१६

प्रिय पोलिक्सेनी,

ऊन भयंकर आहे यंदा. अंजिरं लवकर पिकली, मारूलाच्या माडीवर आतापासून वाळत पडलीत, त्यामुळे वरच्या खोलीचं जरा कठीण दिसतंय. काल आम्ही ऑक्टोपस वाळत घातला होता, तो मांजराने नेला. गावात लग्नं फार आहेत.

मला वाटतं, यंदा तू इतका प्रवास करू नयेस. बोटीला गर्दी असते. तुमच्याकडेही कुठेतरी गरम पाणी असेलच ना? पुढच्या वर्षी बघू.

काम खूप आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

स्तमाता

---

कस्तोरिया
२४ ऑगस्ट २०१६

स्तमाता,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. ऑक्टोपस कोणी नेला ते कळलं. मी का येऊ नये ते नाही कळलं.

बावीस वर्षांत तू मला “येऊ नकोस” कधी म्हटलं नव्हतंस. तुझ्या आईचं वर्षश्राद्ध होतं तेव्हाही म्हणाली होतीस, ये, श्राद्धाचा गहू मिळून शिजवू. आता तू प्रमुख झालीस, सोनेरी दोरी आली, आणि फरच्या वासाची म्हातारी तुझ्या पाहुण्यांत शोभत नाही, असंच ना? तसं सरळ लिहायचं होतंस. मी रडले असते आणि गप्प बसले असते.

पण मी येतेय. तुझ्या कृपेने नाही. मी लाझारोसला म्हटलं की यंदा आंघोळी जमत नाहीत, तर त्याने इंटरनेटवरून तुमच्या इलिसियोत माझ्यासाठी तीन दिवस घेतले. नऊ ते अकरा सप्टेंबर. म्हणाला, “आई, एकवीस दिवसांचं काम तीन दिवसांत होतं म्हणे तिथे.” त्याला काय माहीत. पण तीन तर तीन. बुडत्याला तेवढाच आधार.

तुला ओळख दाखवायची नसेल तर नको दाखवूस. मी पैसे भरलेली पाहुणी आहे.

पोलिक्सेनी

---

थर्मोनेरी
१४ सप्टेंबर २०१६

प्रिय पोलिक्सेनी,

हे पत्र खाल्किदाच्या इस्पितळात पाठवतेय. नर्सने फोनवर सांगितलं की तू शुद्धीवर आहेस आणि सूप प्यायलीस. देवाची कृपा.

मला आत येऊ दिलं नाही, नातेवाईक नाही म्हणून. दोन तास खाली बाकावर बसले आणि शेवटच्या बसने परतले.

शनिवारी मी त्या बोळातून जात होते, तुझ्या आंघोळीच्या खोलीतून काहीच हालचाल ऐकू येईना, म्हणून दार उघडलं. बाकी तुला माहीतच आहे. लवकर बरी हो.

स्तमाता

---

कस्तोरिया
२५ सप्टेंबर २०१६

माझी लाडकी स्तमाता,

घरी आले. लाझारोस विमानाने आला होता, त्याने आणलं, आणि सध्या इथेच थांबलाय.

आधी माफी मागते. ऑगस्टात तुला काय काय लिहिलं मी! आणि मला पाण्यातून कोणी ओढून काढलं, तर तू. डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं. मी इस्पितळात सगळ्यांना सांगितलं, स्नानगृहाच्या प्रमुख माझ्या मैत्रीण आहेत, त्यांना दाराबाहेरून कळतं. नर्सला तीन वेळा सांगितलं.

पहिल्या दिवशी मी तुला टॉवेलच्या टेबलामागे पाहिलं. तू टॉवेल दिलास आणि “स्वागत आहे, मॅडम” म्हणालीस, माझ्याकडे न बघता. ते फार लागलं. पण आता जाऊ दे. कामाच्या जागी माणसाला वागावं लागतं.

तुला एक गंमत सांगते, रागावू नकोस. त्या मौनखोलीत, म्हणजे एकट्याने बसायच्या गरम पाण्याच्या खोलीत, मला बसवलं तेव्हा तिथली मुलगी कानात कुजबुजली, “हवं तितका वेळ थांबा.” हवं तितका म्हणजे किती गं? घड्याळ नाही, वेळ मोजायची वाळूची बाटली नाही. घंटेचं बटण भिंतीवर होतं, पण मला वाटलं ते कॉफी मागवायला. डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधड सुरू झाली, मला कळत होतं की फार झालं. पण दार वाजलं नव्हतं ना! मी मनात म्हटलं, स्तमाता बाहेर आहे, ती वाजवेल. म्हणून बसून राहिले.

लाझारोसने आता अट काढून घेतलीय. बटणं लावून बघायचीही गरज नाही म्हणतो. वीस ऑक्टोबरचं तिकीट काढलंय, दोघांचं. मी भांडले नाही. भांडायला तोंड कुठे उरलं?

पोलिक्सेनी

---

थर्मोनेरी
२ ऑक्टोबर २०१६

पोलिक्सेनी,

हे पत्र वाचून तू मला पुन्हा लिहिलं नाहीस तरी चालेल. पण तू नर्सला माझं कौतुक सांगतेस, हे मला झोपू देत नाही.

मी प्रमुख नव्हते. कधीच नव्हते. मी टॉवेल देते, वापरलेले गोळा करते. तुला फेब्रुवारीत खोटं लिहिलं, कारण एकतीस वर्षांनी टॉवेलांच्या घड्या घालायला ठेवलं हे लिहायची लाज वाटली. सकाळचे सात ते नऊ फिवोससाहेबाने जुलैत रद्द केले. म्हणाला, “स्तमाताबाई, आजारी माणसं बघितली की पाहुण्यांचा मूड जातो.” मी तुला हे कसं लिहिणार होते? तुझं घर त्या आंघोळींवर टांगलेलं होतं. म्हणून ऑक्टोपसचं लिहीत बसले.

पाहुण्यांशी बोलायला आम्हाला बंदी आहे. ऑगस्टात मी सवयीने एका डच बाईच्या मौनखोलीचं दार वाजवलं होतं. तिने तक्रार केली. साहेब म्हणाला, पुन्हा झालं तर काम गेलं. आमचं काम हंगामी, माझ्या पेन्शनला कामाचे चाळीस दिवस अजून कमी पडत होते. म्हणून तुला “मॅडम” म्हणाले. बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर गळ्यात पडून रडले असते.

आता शनिवारचं. मी बोळातून सहज जात नव्हते. तू आत गेलीस तेव्हापासून मी तुझ्या दाराशी उभी होते, टॉवेलांचा गठ्ठा घेऊन. घड्याळ नव्हतं, पण पंधरा मिनिटं माझ्या पायांना कळतात. पंधरा झाली. मी हात वर केला. आणि मारला नाही. चाळीस दिवस, चाळीस दिवस, एवढंच डोक्यात. मला ठाऊक होतं, पोलिक्सेनी, माझ्याइतकं जगात कोणाला ठाऊक नसेल, की तू थाप पडल्याशिवाय उठणार नाहीस. मीच तुला ते शिकवलं, पाठीवर टॉवेल मारून. तरी हात वर धरून उभी राहिले. चार मिनिटं. मी ती मोजली.

मग वाजवलं. तू बोलली नाहीस. तेव्हा खांद्याने दार ढकललं आणि तुझ्या नावाने ओरडले, इतकं की सगळे पाहुणे झगे गुंडाळून बाहेर आले.

काम गेलं. दुसऱ्याच दिवशी, फुलांचा गुच्छ देऊन. त्याचं दुःख नाही, ते दिवस अंजिरांच्या कारखान्यात भरून काढीन. पण ती चार मिनिटं भरून निघत नाहीत.

आता एक विचारायचंय आणि मला ते विचारायचा हक्क राहिलेला नाही. माझ्या घरात दोन खोल्या आहेत. समुद्राकडची कोरडी आहे. गरम पाण्याचा जो ओघळ रिसॉर्टच्या भिंतीखालून समुद्रात पडतो, तिथे खडकांत गावातल्या बायका अजून बसतात, तो कोणी भाड्याने दिलेला नाही. लाझारोसने तुझ्या हातांची अट घातली होती. त्याला विचार, माझे हात चालतील का. गॅस मी पेटवीन, बटणं मी लावीन, आणि घड्याळ तुझ्याजवळ ठेव, माझ्यावर विश्वास नसला तर.

स्तमाता

---

कस्तोरिया
१२ ऑक्टोबर २०१६

स्तमाता,

तुझं पत्र वाचलं आणि आठ दिवस पेन उचललं नाही. मुद्दाम. तू वाट बघत असशील हे मला माहीत होतं, आणि तुला बघू दे असं वाटलं.

आता माझंही ऐक. माझे हात गेली तीन वर्षं त्या पाण्याने जराही मोकळे झालेले नाहीत. एकविसाव्या दिवशी तू एकेक बोट मोजायचीस तेव्हा मी दात आवळून ती उघडायचे, आणि मारूलाच्या खोलीत जाऊन रडायचे. दुखायची म्हणून नाही. तुझा चेहरा इतका खुलायचा म्हणून. मी तुला सांगू शकले नाही, लाझारोसलाही सांगू शकले नाही. पाच बटणं मला लागली नसतीच, पाणी कितीही मिळालं असतं तरी. मी सप्टेंबर मागत होते तो एकवीस दिवस कोणीतरी माझ्याशी भांडावं म्हणून.

तुझं पत्र लाझारोसला वाचून दाखवलं, सगळं, चार मिनिटांसकट. तो लालबुंद झाला. “हिच्याकडे राहायचंय तुला? हिच्याकडे?” मी म्हटलं, ती सोडून मला हे कोणी सांगितलं असतं? त्या रिसॉर्टने तर कागदावर लिहून दिलंय की पाहुणीला आधीपासून चक्कर यायची. तो दोन दिवस घरात फिरत राहिला. काल सकाळी म्हणाला, “आई, तिथून जर्मनीला फोन लागतो ना?” आणि माझं तिकीट परत केलं.

घराची किल्ली शेजारणीकडे देऊन येईन. दार ओढून घेताना काय वाटेल, ते लिहीत नाही.

वीस तारखेच्या गुरुवारी लाझारोस मला गाडीने ग्लिफाला आणून चारच्या बोटीत बसवेल आणि स्वतः रात्रीच्या विमानाने परत जाईल. धक्क्यावर ये.

आणि तू असं समजू नकोस की मी तुला माफ केलं. नाही केलं. चार मिनिटं, स्तमाता! मी आत मरत होते आणि तू पेन्शन मोजत होतीस. मला इतका राग आलाय की तो पत्रात मावत नाही. तिथे येऊन काढणार आहे, रोज थोडा थोडा, तुझ्यासमोर बसून. मोठी खोली मला दे.

पोलिक्सेनी